रिपोर्ट नॉर्मल, पण अंग दुखतंय: फायब्रोमायल्जियाचं निदान नक्की कसं होतं?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. थीसिसचं तिसरं प्रकरण गाइडकडून लाल शाईत न्हाऊन परत आलं, त्यामुळे गायब होते.

आज एका पिशवीपासून सुरुवात करू. तुमच्याही घरात ती असेल. कपाटाच्या वर, एक्स-रेच्या मोठमोठ्या पाकिटांनी फुगलेली. माझ्या मावशीकडची पिशवी सात वर्षांची आहे. त्यात मानेचे एक्स-रे, कमरेचा एमआरआय, रक्ताचे डझनभर रिपोर्ट आणि पाच-सहा डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आहेत. प्रत्येक कागदाचा अर्थ साधारण एकच: सगळं नॉर्मल, नाहीतर वयानुसार थोडी झीज.

आणि मावशीचं अंग मात्र रोज दुखतं. सकाळी उठल्यापासून. खांदे, पाठ, कंबर, मांड्या. शाळेत पाच तास उभं राहून शिकवायचं, घरी येऊन स्वयंपाक करायचा, आणि वर "तुला काही झालेलं नाही, मनावर घेऊ नकोस" हे ऐकायचं.

अशा दुखण्याचं एक नाव आहे, फायब्रोमायल्जिया. माझ्या पीएचडीचा विषय याच्या जवळचा आहे: दुखण्याबद्दलच्या प्रश्नावल्या मराठीत आणताना काय काय होतं. म्हणून हे निदान कसं करतात, ते इतकं वादग्रस्त का आहे, आणि त्यात भाषेचा काय संबंध, हे आज सांगते. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते: मी डॉक्टर नाही. (पीएचडीवाली डॉक्टरही अजून नाही!) हे वाचून स्वतःचं निदान करू नका.

मशीनला न दिसणारं दुखणं

मधुमेह आहे का नाही हे रक्तातली साखर सांगते. हाड मोडलंय का हे एक्स-रे सांगतो. फायब्रोमायल्जियासाठी अशी कुठलीच तपासणी आज दवाखान्यात उपलब्ध नाही. ना रक्ताची, ना स्कॅनची. मग डॉक्टर ठरवतात कशावरून? पेशंट काय सांगतो यावरून. सगळी गंमत आणि सगळी अडचण इथेच आहे.

दुखणं तसं जुनंच. १९०४ साली विल्यम गॉवर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी कंबरदुखीवरच्या व्याख्यानात 'फायब्रोसायटिस' हा शब्द वापरला. त्यात 'आयटिस' म्हणजे सूज. त्यांना वाटलं की स्नायूंमधल्या तंतूंना सूज येत असावी. पुढे शोधूनही ती सूज काही सापडली नाही. मग १९७०च्या दशकात 'फायब्रोमायल्जिया' हे नाव रूढ व्हायला लागलं. 'अल्जिया' म्हणजे नुसतं दुखणं. नावातून सूज गेली, दुखणं तेवढं राहिलं.

पहिला प्रयत्न: अठरा जागा आणि एक अंगठा

१९९० साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने पहिले सर्वमान्य निकष आणले. फ्रेडरिक वोल्फ हे त्या अभ्यासाचे मुख्य लेखक. २९३ फायब्रोमायल्जियाचे पेशंट आणि तुलनेसाठी इतर दुखणी असलेले २६५ जण, असे ५५८ लोक त्यात होते.

निकष दोन होते. एक, तीन महिन्यांहून जास्त काळ अंगभर दुखणं. अंगभर म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे, कमरेच्या वर आणि खाली, शिवाय मान-पाठ-छाती या मधल्या भागात कुठेतरी. दोन, शरीरावरच्या ठरलेल्या १८ जागा अंगठ्याने दाबायच्या आणि त्यातल्या किमान ११ ठिकाणी दुखलं पाहिजे. दाब साधारण ४ किलोचा, म्हणजे दाबणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका. मानेच्या मागे, खांद्यावर, कोपराजवळ, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, अशा नऊ जोड्या.

ऐकायला छान शास्त्रीय वाटतं ना? पण आता जरा विचार करा.

दहा जागा दुखल्या तर आजार नाही आणि अकरा दुखल्या तर आहे, हे कसं? आज अकरा आणि पुढच्या आठवड्यात नऊ दुखल्या तर पेशंट बरा झाला का? प्रत्येक डॉक्टरचा अंगठा सारखाच दाबतो का? बऱ्याच डॉक्टरांना ही तपासणी कोणी नीट शिकवलीही नव्हती. शिवाय सरासरी पाहिली तर बायकांना पुरुषांपेक्षा कमी दाबाला दुखतं. त्यामुळे याच दुखण्याचे पुरुष या चाळणीतून गळून जायचे आणि 'हा बायकांचा आजार' हा समज पक्का व्हायचा.

आणखी एक खोल अडचण होती. निकष बरोबर आहेत का हे तपासायचं कशाशी ताडून? पक्की तपासणी तर नाहीच. मग अनुभवी तज्ज्ञांनी ज्यांना फायब्रोमायल्जिया म्हटलं, तेच पेशंट खरे मानले आणि त्यांच्यावरून निकष बनवले. म्हणजे तज्ज्ञांवरून निकष आणि निकषांवरून पुढचे तज्ज्ञ. यात गोल फिरण्याचा धोका आहे, आणि टीकाकारांनी तो दाखवलाही. खुद्द वोल्फ नंतर या आजाराकडे 'एक वेगळा रोग' म्हणून बघण्याचे मोठे टीकाकार झाले. त्यांचं म्हणणं साधारण असं, की ही 'आहे किंवा नाही' अशी गोष्ट नसून एक पट्टी आहे, आणि आपण सगळेच त्या पट्टीवर कुठे ना कुठे असतो.

दुसरा प्रयत्न: दाबू नका, विचारा

२०१० साली अंगठा बाजूला ठेवला आणि दोन आकडे आले. २०१६ साली त्यात सुधारणा झाली. आज मुख्यतः जे वापरतात ते असं.

पहिला आकडा, दुखणं किती पसरलंय. शरीराचे १९ भाग केलेत. दोन्ही बाजूंचे जबडा, खांदा, दंड, कोपराखालचा हात, खुबा-कुल्ला, मांडी, गुडघ्याखालचा पाय, हे झाले १४. मान, पाठीचा वरचा भाग, कंबर, छाती, पोट, हे ५. गेल्या आठवड्यात जिथे जिथे दुखलं त्या प्रत्येक भागाला एक गुण. म्हणजे ० ते १९.

दुसरा आकडा, दुखण्यासोबत आणखी काय. थकवा, झोपून उठल्यावरही ताजं न वाटणं, आणि लक्ष-आठवण यांचा गोंधळ. या तिघांना प्रत्येकी ० ते ३ गुण. काही त्रास नसेल तर ०, अधूनमधून सौम्य असेल तर १, बऱ्यापैकी आणि बरेचदा असेल तर २, सततचा आणि जगणं अडवणारा असेल तर ३. शिवाय गेल्या सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं किंवा पेटके, आणि उदासपणा यांपैकी जे झालं त्याला एकेक गुण. म्हणजे ० ते १२.

निदानासाठी पहिला आकडा किमान ७ आणि दुसरा किमान ५ लागतो. किंवा पहिला ४ ते ६ असेल, तर दुसरा किमान ९. त्याशिवाय दुखणं शरीराच्या पाचपैकी किमान चार विभागांत हवं (डावा वरचा, उजवा वरचा, डावा खालचा, उजवा खालचा आणि मधला), आणि हे सगळं किमान तीन महिने साधारण तसंच चालू असायला हवं.

चला, मावशीचा हिशोब करून बघू. मान, पाठ, कंबर मिळून ३. दोन्ही खांदे २. दोन्ही खुबे २. दोन्ही मांड्या २. डावा हात कोपराखाली १. एकूण १०, आणि विभाग पाचही. थकवा २, झोप ३, आठवण १, डोकेदुखी १. एकूण ७. निकषात बसते.

आता शेजारचे काका घ्या. त्यांचा उजवा खांदा जखडलाय. खांदा, दंड आणि मान, एकूण ३ गुण. रात्री खांद्यामुळे झोप लागत नाही म्हणून दमलेलेही असतात. पण दुखणं दोनच विभागांत आहे. हे फायब्रोमायल्जिया नाही. त्यांनी खांद्याचाच इलाज करायचा.

२०१६च्या सुधारणेतली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधीची अट होती की दुखण्याला दुसरं कारण सापडलं तर फायब्रोमायल्जिया म्हणायचं नाही. नव्या निकषांत ही अट काढली. संधिवात असलेल्या माणसाला फायब्रोमायल्जियाही असू शकतो, आणि असतोही. याचा व्यवहारात मोठा फरक पडतो. सांध्यांची सूज औषधांनी आटोक्यात आली तरी अंग दुखतच असेल, तर संधिवाताची औषधं वाढवत नेण्याआधी डॉक्टर थांबून विचार करू शकतात.

मग तपासण्या कशाला करतात?

फायब्रोमायल्जिया सिद्ध करायला नाही, तर त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काही सुटू नये म्हणून. थायरॉइड मंदावला की अंग दुखतं आणि थकवा येतो. ड जीवनसत्त्व फार कमी झालं की हाडं-स्नायू दुखतात, आणि आपल्याकडे भरपूर ऊन असूनही ही कमतरता सर्रास सापडते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. म्हणून सहसा सीबीसी, ईएसआर किंवा सीआरपी, टीएसएच, गरजेप्रमाणे ड जीवनसत्त्व, अशा थोड्याच तपासण्या पुरतात.

'सगळ्याच करून टाकू' हा विचार मोहात पाडतो, पण त्यातही खोट आहे. एएनए किंवा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर या तपासण्या धडधाकट माणसांतही कधीकधी पॉझिटिव्ह येतात. लक्षणं नसताना त्या केल्या, तर नसलेल्या आजाराची भीती तेवढी घरी येते.

काही गोष्टी मात्र 'अंगदुखी असेल' म्हणून सोडायच्या नाहीत. सांधे सुजणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, हातापायातली ताकद जाणं, सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त टिकणं, पन्नाशीनंतर अचानक खांदे-खुबे आखडणं. यातलं काही असेल तर शोध वेगळ्या दिशेने व्हायला हवा.

"म्हणजे सगळं मनाचं आहे?"

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतोच. थोडक्यात सांगायचं तर नाही.

सोसायटीच्या पार्किंगमधल्या त्या एका बाइकची आठवण काढा, जिच्यावरून मांजर गेलं तरी सायरन बोंबलतो. चोर नसतो. पण सायरन खोटा नसतो, तो खरंच वाजत असतो आणि झोप खरंच मोडते. बिघाड सायरन किती लवकर वाजायचा या सेटिंगमध्ये आहे. फायब्रोमायल्जियात मज्जासंस्थेचं असंच काहीसं होत असावं असं आज मानतात.

याला पुरावा आहे. २००२ साली रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी १६ पेशंट आणि १६ निरोगी लोकांच्या अंगठ्यावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचा एफएमआरआय काढला. पेशंटना कमी दाबाला जेवढं दुखलं, तेवढं दुखायला निरोगी लोकांना बराच जास्त दाब लागला. आणि तेव्हा दोन्ही गटांच्या मेंदूत बऱ्याच अंशी सारखेच भाग जागे झाले. म्हणजे पेशंट वाढवून सांगत नव्हते. २०१७ साली वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा दुखण्यासाठी 'नॉसिप्लास्टिक' हा वेगळा शब्द स्वीकारला. इजेमुळे होणारं दुखणं आणि नस दुखावल्यामुळे होणारं दुखणं यांच्या पलीकडचा हा तिसरा प्रकार.

चित्र अजून पूर्ण नाही. काही पेशंटांच्या त्वचेतल्या बारीक नसा कमी झालेल्या दिसल्या आहेत. २०२१ साली पेशंटांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना दिल्यावर उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त संवेदनशील झाले, असाही एक अभ्यास आला. म्हणजे एका नावाखाली दोन-तीन वेगळे आजार असतील अशीही शक्यता आहे.

आता माझं काम: 'कंबर' म्हणजे कुठे?

निदान जर पेशंटच्या शब्दांवर उभं असेल, तर ते शब्द कुठल्या भाषेतले हे महत्त्वाचं ठरतं. प्रश्नावली भाषांतरित करताना आधी मराठीत आणायची, मग दुसऱ्या माणसाकडून ती पुन्हा इंग्रजीत करून घ्यायची, फरक बघायचे, आणि शेवटी खऱ्या लोकांसोबत बसून 'या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?' असं विचारायचं. खरी मजा या शेवटच्या पायरीवर येते.

'कंबर' घ्या. "कंबर दुखते" म्हणत कोणी मणक्याच्या खालच्या भागावर हात ठेवतं, कोणी दोन्ही बाजूंच्या खुब्यांवर, कोणी थेट कुल्ल्यांवर. फॉर्ममध्ये हे तीन वेगळे चौकोन आहेत: कंबर, डावा खुबा, उजवा खुबा. एकाच शब्दाचा एक गुण होऊ शकतो किंवा तीन. सीमा ७ वर असताना हा फरक लहान नाही. आणि 'नितंब' असं छापलं की अर्ध्या बायका हसतात आणि उरलेल्या तो प्रश्न सोडून देतात. 'हात' म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळंच, 'पाय' म्हणजेही तसंच. दंड, पोटरी, नडगी असे नेमके शब्द आपल्याकडे आहेत, पण ते मुद्दाम विचारावे लागतात. म्हणून शब्दांबरोबर शरीराचं चित्र देणं बरं.

थकव्याचं तर विचारूच नका. "थकवा येतो का?" विचारल्यावर एक आजी म्हणाल्या, "काम केल्यावर येणारच की, त्यात काय सांगायचं?" आणि त्यांनी शून्यावर खूण केली. मग आम्ही विचारलं, "काम न करताही शीण वाटतो का? सकाळी उठल्यावर अंग मोडून आल्यासारखं वाटतं का?" त्यावर म्हणाल्या, "ते तर रोजचंच." म्हणजे शून्याचे तीन झाले. तक्रार न करणं हा ज्यांना संस्कार म्हणून शिकवला, त्यांचा आकडा कमीच येणार. उलट, ठणक, कळ, सल, चमक, रग, ठसठस, इतकी बारीक शब्दसंपत्ती आपल्याकडे आहे, आणि फॉर्मवर त्यातल्या एकालाही जागा नाही.

निदान झालं, पुढे काय?

'इलाज नाही तर नाव कशाला?' असं लोक विचारतात. नाव नसलं की शोध चालूच राहतो. नवे स्कॅन, वर्षानुवर्षं पेनकिलर, कधी स्टिरॉइड, कधी न लागणारं ऑपरेशनही. सूज कमी करणाऱ्या नेहमीच्या पेनकिलरचा या दुखण्यात फारसा उपयोग दिसलेला नाही, पोटाला आणि किडनीला त्यांचा धोका मात्र असतो.

२०१६ साली युरोपातल्या संधिवात-तज्ज्ञांच्या संघटनेने सगळे उपचार तपासले, तेव्हा एकाच गोष्टीची जोरदार शिफारस केली: व्यायाम. तोही हळूहळू वाढवत नेलेला. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर चालून मग चार दिवस अंथरुणात, असा नाही. अमिट्रिप्टिलिनचा कमी डोस, ड्युलोक्सेटिन, प्रिगॅबलिन यांचा काहींना उपयोग होतो, तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पूर्ण बरं वाटेलच असं नाही, पण बऱ्याच जणांना जगणं सोपं करता येतं.

मावशीला निदान सांगितलं तेव्हा मी सोबत होते. औषधाबद्दल, व्यायामाबद्दल ती काहीच बोलली नाही. डॉक्टरांना फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे मी ढोंग करत नव्हते ना?" हा प्रश्न तिला पडावा इतकं सात वर्षांत आम्हीही तिला ऐकवलं होतं. घरातल्या सगळ्यांनी, आणि मीही.

तुमच्या घरी अशी पिशवी असेल तर डॉक्टरकडे जाताना पिशवीसोबत एक कागदही न्या. त्यावर माणसाची साधी आकृती काढा, पुढून आणि मागून. गेल्या आठवड्यात जिथे दुखलं तिथे रंगवा. खाली तीन ओळी लिहा: झोप कशी होते, उठल्यावर कसं वाटतं, आणि काय काय विसरायला होतं. दुखणं कधीपासून आहे तेही लिहा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहा, आयुर्वेदिकसुद्धा. ओपीडीतल्या पाच-सात मिनिटांत हा कागद बरंच बोलतो.

आणि सोबत जाणार असाल तर "तसं काही विशेष नाही हो" हे वाक्य तेवढं घरी ठेवून जा.

पुढच्या वेळी झोपेबद्दल लिहीन: नीट झोप न झाल्याने दुखणं वाढतं की दुखण्यामुळे झोप जाते? तोपर्यंत मी आणि तिसरं प्रकरण.